शोधनिबंधाचे पुढे काय होते?

भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘परभणी क्रांती’ हे नाव पुष्कळांनी वाचले असेल. हा वाण परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झाला. १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापन झालेली ही संस्था २०१३पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. भेंडीवर केवडा नावाचा एक रोग पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे फिकट व निबर होतात आणि शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू हे त्याचे कारण. या रोगाला दाद न देणारा वाण म्हणून १९८०च्या दशकात परभणी क्रांती पुढे आला. त्याची माहिती देणारा जांभळे आणि नेरकर यांचा एक लेख १९८६ साली ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकेतून निघणाऱ्या शोधपत्रिकेच्या एकविसाव्या खंडात छापून आला. लेख केवळ दोन पानांचा आहे.

आता समजा, जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना भेंडीच्या रोगांवर प्रकल्प करायला सांगितला आणि एका विद्यार्थ्याच्या हाती हा लेख आला. वाण रोगप्रतिकारक आहे, असे त्यात स्वच्छ छापलेले आहे. शोधपत्रिका नामवंत आहे. विद्यार्थी ते वाक्य प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेईल. पण शिक्षकाने त्याला एक प्रश्न विचारायला हवा : १९८६ साली छापलेले हे विधान आजही खरे आहे काय?

तो लेख दहा वेळा वाचला तरी याचे उत्तर मिळणार नाही, कारण लेख १९८६ सालापाशी थांबलेला आहे. उत्तर असलेच तर ते त्यानंतर छापल्या गेलेल्या लेखांत असणार. ते लेख शोधायचे कसे? ग्रंथालयशास्त्राने या साध्या प्रश्नावर विसाव्या शतकात एक फार उपयुक्त युक्ती शोधून काढली. पुढे त्या युक्तीचे एक मोजमाप झाले आणि त्या मोजमापावर माणसांच्या नोकऱ्या व बढत्या अवलंबून राहू लागल्या. युक्ती काय आहे, ती कशासाठी निघाली आणि तिचा उपयोग कुठे संपतो, हे शिक्षकाने समजून घेण्यासारखे आहे.

मागे जाणारी वाट

शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टाइपात एक यादी असते. तिला आपण संदर्भसूची म्हणतो. लेखकाने ज्या ज्या पूर्वीच्या लेखनाचा आधार घेतला, ज्याच्याशी तुलना केली किंवा ज्याला विरोध केला, त्याचा ठावठिकाणा तेथे दिलेला असतो : लेखकाचे नाव, वर्ष, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड आणि पृष्ठे. मजकुरात अशा लेखनाची आठवण करून देणे म्हणजे संदर्भोल्लेख. इंग्रजीतून आलेला ‘सायटेशन’ हा शब्दही आता महाविद्यालयांत रुळला आहे.

भेंडीच्या केवड्याची अशी वाट आपण मागे मागे चालत जाऊ. परभणीच्या याच दोन संशोधकांचा एक लेख १९८१ साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या शोधपत्रिकेच्या साठाव्या खंडात आला होता. लागवडीतली भेंडी आणि तिचे जंगली नातलग यांचा संकर करून रोगप्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत कशी उतरते, हे त्यांनी तपासले होते. ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मेंडेलचे नियम शिकवताना आपण वाटाण्याचे उदाहरण देतो. तेच नियम येथे परभणीच्या शेतात कामाला आलेले दिसतात.

या संकरात लागवडीतली भेंडी म्हणून ‘पुसा सावनी’ हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा वाण वापरला होता. त्याची वाट १९६२ सालच्या एका निबंधापर्यंत जाते. आणखी मागे गेलो की १९४० साली ‘करंट सायन्स’मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी या रोगावर लिहिलेले टिपण भेटते. त्याच्याही मागे १९२४ साल आहे. मुंबई इलाख्यातील पिकांच्या अशा रोगांची नोंद करताना कुलकर्णी या संशोधकांनी भेंडीवरील या रोगाची नोंद केली होती. भेंडीच्या केवड्यावरचे कितीतरी निबंध आजही या १९२४च्या नोंदीपासून सुरू होतात.

म्हणजे संदर्भसूची ही एक साखळी आहे. प्रत्येक कडी आपल्या मागच्या कडीला धरून असते. पण कोणत्याही कडीला आपल्या पुढच्या कडीचा पत्ता नसतो. १९६२च्या लेखात १९८१च्या लेखाचा उल्लेख असणे शक्यच नाही. छापील लेख फक्त मागे पाहतो.

पुढे जाणारी वाट

ही अडचण सर्वांत आधी वकिलांना जाणवली. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातही वकील ‘सायटेशन दाखल करतो’ असे म्हणतात. त्याचा अर्थ, वरिष्ठ न्यायालयाने तशाच प्रकरणात पूर्वी दिलेला निकाल आधारासाठी पुढे ठेवणे. असे निकाल छापणारा, नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ वकिलांच्या कपाटात हमखास दिसतो. पण जुना निकाल दाखवताना एक धोका असतो. तो निकाल नंतर कोणी फिरवलेला तर नाही? फिरवलेला निकाल आधाराला दिला, तर समोरचा वकील एका मिनिटात ते उघडे पाडेल.

अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली यावर उपाय काढला. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत झाला, हे छापलेल्या गोंद लावलेल्या चिठ्ठ्या ते वकिलांना पुरवीत. वकील त्या आपल्या पुस्तकातील जुन्या निकालाच्या समासात चिकटवत. पुढे त्याचे जाडजूड ग्रंथ झाले. जुन्या निकालाशेजारी त्याचे पुढचे आयुष्य नोंदवायचे, एवढीच ही कल्पना होती.

विज्ञानासाठी हे करावे, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ साप्ताहिकातील लेखात सुचवले. त्या लेखातील त्यांचा हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे. चुकीची, अपुरी किंवा कालबाह्य झालेली माहिती लोक डोळे झाकून उद्धृत करीत राहतात, त्याला आळा बसावा आणि जुन्या लेखावर पुढे काय टीका झाली हे वाचकाला कळावे, असे त्यांना वाटत होते. कोणी किती मोठा शास्त्रज्ञ आहे हे ठरवणे हा त्यांचा आरंभीचा मुख्य हेतू नव्हता. त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हजारो लेखांच्या संदर्भसूच्या एकत्र करायच्या आणि त्या उलट्या लावायच्या, हे त्याचे तंत्र. ‘या लेखाने कोणाचा उल्लेख केला’ याऐवजी ‘या लेखाचा उल्लेख कोणी केला’, अशी ती यादी असते. आज संगणकावर ‘गूगल स्कॉलर’ उघडून लेखाच्या नावाखालील ‘साइटेड बाय’ या शब्दांवर बोट ठेवले की हीच उलटी यादी समोर येते.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. १९६२ साली पुसा सावनी हा वाण केवड्याला तोंड देणारा म्हणून मांडला गेला. १९८१च्या परभणीच्या निबंधात तोच वाण रोगाला बळी पडणारा पालक म्हणून येतो. एकोणीस वर्षांत भूमिकांची अशी अदलाबदल झाली. केवळ १९६२चा लेख वाचणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

परभणी क्रांतीच्या बाबतीतही तीच वाट पुढे चालत गेले पाहिजे. नंतरच्या वर्षांतील निबंधांत निरनिराळ्या ठिकाणी या वाणावरही केवडा दिसू लागल्याचे, त्याची प्रतिकारशक्ती उणावल्याचे अहवाल भेटतात. २००३ साली मदुराई कामराज विद्यापीठातील जोस आणि उषा यांनी ‘व्हायरॉलॉजी’ या शोधपत्रिकेत दाखवून दिले की या रोगामागे एकटा विषाणू नसून त्याच्यासोबत एक छोटा ‘उपग्रह’ डीएनएही असतो. रोगजंतू बदलत राहतो, त्याच्या जोड्या बदलतात आणि एखाद्या जनुकावर उभी असलेली तटबंदी कालांतराने ढासळू शकते. तेव्हा विद्यार्थ्याने वहीत लिहायचे वाक्य असे होईल : ‘१९८६ साली हा वाण केवड्याला प्रतिकारक असल्याचे नोंदवले गेले, पुढे अनेक ठिकाणी ही प्रतिकारशक्ती कमी झाल्याचे आढळले.’ दोन्ही अर्धी वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही मिळूनच उत्तर पुरे होते. यात १९८६चा लेख खोटा ठरत नाही. तो आपल्या काळापुरता बरोबर होता.

मोजणीला सुरुवात

संदर्भोल्लेख मोजण्याची कल्पना मात्र गारफील्ड यांच्याही आधीची आहे आणि ती एका छोट्या महाविद्यालयाच्या पैशाच्या चणचणीतून निघाली. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाच्या ग्रॉस दांपत्यापुढे प्रश्न होता : रसायनशास्त्राची नियतकालिके शेकडो, पैसे थोडे, मग वर्गणी भरायची कोणाची? त्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’चा १९२६ सालचा खंड घेतला, त्यातील लेखांमध्ये दिलेले ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाचे नाव किती वेळा येते याचा तक्ता केला. १९२७ साली ‘सायन्स’मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात जर्मन नियतकालिकांचा वाटा फार मोठा निघाला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता यायला हवे, हे त्या आकड्यांनी सांगून टाकले.

पुढे १९३४ साली लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयातील सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांना एक विलक्षण नियमितपणा आढळला. उपयोजित भूभौतिकी या विषयावरचे १,३३२ लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. पण हे विखुरणे सारखे नव्हते. त्यांनी नियतकालिकांचे तीन गट पाडले :

पहिला गट : ९ नियतकालिके, ४२९ लेख.
दुसरा गट : ५९ नियतकालिके, ४९९ लेख.
तिसरा गट : २५८ नियतकालिके, ४०४ लेख.

तिन्ही गटांतील लेख साधारण सारखे आहेत, पण नियतकालिकांची संख्या प्रत्येक टप्प्याला चार-सहा पटींनी वाढते. याचा ग्रंथपालाला कळणारा अर्थ असा : गाभ्यातली ९ नियतकालिके घेतली की विषयाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हाती येतो. राहिलेला मिळवायचा तर खर्च भराभर वाढत जातो आणि काही लेख तर कल्पनाही येणार नाही अशा नियतकालिकांत दडून बसलेले असतात. केवळ गाभ्यावर समाधान मानणारा तिसऱ्या गटातील लेखांना मुकतो.

तिसरी कल्पना अर्धायुष्याची. किरणोत्सारी पदार्थांचे अर्धायुष्य आपण शिकवतो. १९६० साली बर्टन आणि केब्लर यांनी तोच शब्द लेखनासाठी वापरला. समजा, एखाद्या विषयातील या वर्षीच्या लेखांत मिळून १०० संदर्भ आहेत. ते नव्यापासून जुन्याकडे लावले आणि पहिले ५० संदर्भ गेल्या सात वर्षांतले निघाले, तर त्या विषयाच्या साहित्याचे अर्धायुष्य सात वर्षे. झपाट्याने बदलणाऱ्या विषयांत ते लहान असते. गणितात किंवा इतिहासात मोठे. विषयागणिक दुसराही फरक दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ बहुतांशी शोधपत्रिकांचे संदर्भ देतात, तर इतिहासकार ग्रंथ आणि दप्तरांचे. ग्रंथालयशास्त्र या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. तेथे ग्रंथ, शोधपत्रिका, समित्यांचे अहवाल आणि नियमावल्या असे सगळेच संदर्भ दिले जातात. जुने अंक कपाटात ठेवायचे की तळघरात, हा व्यवहारातला निर्णयही अशा मोजणीवरून घेता येतो.

आपल्याकडेही हा विचार लवकर आला. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली ग्रंथालयाच्या कामाला सांख्यिकी लावण्याच्या शास्त्रासाठी ‘लायब्रामेट्री’ असा शब्द सुचवला होता. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा आज रूढ असलेला शब्द १९६९चा. दिल्लीच्या ‘इन्सडॉक’ या संस्थेने १९५४ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी सायन्स’ सुरू केले. आज ते ‘अ‍ॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ या नावाने निघते. भारतीय ग्रंथपालांनी केलेल्या अशा मोजण्या त्याच्या पानांतून वाचायला मिळतात. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. मोजणीचा मूळ हेतू हाच होता.

उल्लेख म्हणजे शाबासकी नव्हे

येथवर मोजणी नियतकालिकांची होती आणि ती खरेदीसाठी होती. पुढे ती माणसांची होऊ लागली. ज्याच्या लेखाचे उल्लेख जास्त तो मोठा, असे समीकरण मांडले गेले. ते किती टिकते, हे पाहायला हवे.

पहिली गोष्ट, उल्लेख अनेक कारणांनी होतो. ‘अमुक यांच्या पद्धतीने आम्ही मोजणी केली’ हा एक उल्लेख. ‘अमुक यांचा निष्कर्ष आमच्या प्रयोगाशी जुळत नाही’ हाही उल्लेखच. यंत्र दोघांनाही एकच गुण देते. परभणी क्रांती प्रतिकारक आहे असे सांगणारा आणि आता तो तसा राहिला नाही असे सांगणारा, दोघेही १९८६च्या लेखाच्या खात्यात एकेकच भर घालतात.

दुसरी गोष्ट, उल्लेख करणाऱ्याने मूळ लेख वाचलेला असतोच असे नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली हे मजेदार रीतीने दाखवले. भौतिकशास्त्रातील १९७३च्या एका गाजलेल्या लेखाचे ४,३०१ उल्लेख त्यांनी पाहिले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत खंड, पृष्ठ किंवा वर्ष चुकलेले होते. पण निरनिराळ्या चुका निघाल्या फक्त ४५. पृष्ठक्रमांकाची एकच चूक तर ७८ वेळा आलेली होती. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला याचा अर्थ सांगायला नको. दहा मुलांचे गणित एकाच पायरीवर एकाच प्रकारे चुकले, तर नक्कल कोणी कोणाची केली एवढेच शोधायचे उरते. या हिशोबावरून, उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मूळ लेख वाचला असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. १९२४च्या नोंदीसारखी जुनी, सहज न मिळणारी नोंद जेव्हा निबंधामागून निबंधात येते, तेव्हा ती प्रत्येकाने स्वतः पाहिलेली असेल का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

तिसरी गोष्ट थोडी उलटी आहे. काम फार यशस्वी झाले की त्याचा उल्लेख कमी होऊ शकतो. वाणांच्या चाचण्यांत परभणी क्रांती हा तुलनेसाठीचा वाण म्हणून पुष्कळदा लावला जातो. वाणाचे नाव तक्त्यात येते, पण ज्या लेखात त्याची पहिली माहिती आली तो संदर्भसूचीत येतोच असे नाही. न्यूटनच्या नियमांचा वापर करताना कोणी न्यूटनच्या ग्रंथाचा खंड आणि पृष्ठ देत नाही, तसेच हे. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी या घटनेकडे लक्ष वेधले होते. ज्ञान सर्वांचे होऊन जाते आणि ते देणाऱ्याचे नाव त्यात विरघळून जाते.

मोजमापाचा जाच

नियतकालिकांच्या मोजमापात सर्वांत गाजलेला आकडा म्हणजे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. तो काढायची रीत सोपी आहे. समजा, एका शोधपत्रिकेने मागच्या दोन वर्षांत मिळून ४० लेख छापले आणि त्या लेखांचे या वर्षी एकूण ६० उल्लेख झाले. ६० भागिले ४०, म्हणजे या वर्षीचा आकडा दीड. १९७५पासून असे आकडे नियमित प्रसिद्ध होऊ लागले.

ही सरासरी आहे आणि सरासरी कशी फसवते हे आपण वर्गात शिकवतोच. एका बाकावरील चार मुलांना पाच-पाच गुण आणि पाचव्याला ८० मिळाले, तर सरासरी २०. ती पाचांपैकी एकाचेही वर्णन करीत नाही. नॉर्वेतील सेग्लेन यांनी काही शोधपत्रिकांचा अभ्यास करून दाखवले की निम्मे उल्लेख केवळ १५ टक्के लेखांच्या वाट्याला जातात. तेव्हा पत्रिकेच्या आकड्यावरून त्यातील एखाद्या लेखाची किंमत ठरवणे हे शाळेच्या निकालाच्या टक्केवारीवरून एका मुलाचे गुण ठरवण्यासारखे आहे. शिवाय दोन वर्षांचा अवधी शेतीसारख्या विषयाला फारच अपुरा. एक वाण तपासायलाच कित्येक हंगाम जातात.

तरी असे आकडे आणि लेखांची नुसती संख्या माणसांच्या मूल्यमापनात शिरली. आपल्याकडे २०१० सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवडीत व बढतीत प्रकाशित लेखांना गुण ठरवून दिले. संशोधनाला उत्तेजन मिळावे हा हेतू चांगला होता. पण मागणी निर्माण झाली की पुरवठाही होतो. तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेतल्याचे नुसते सांगणारी, पैसे भरले की आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके जागोजाग उगवली. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीची तपासणी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही मान्यवर सूचीत नसलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि स्वतः अध्यापकांवर आहे.

यात सर्वांत जास्त नुकसान कोणाचे होते? ज्याच्या जवळ मोठे ग्रंथालय नाही, सल्ला द्यायला कोणी वडीलधारा संशोधक नाही, अशा लहान गावातील महाविद्यालयाच्या तरुण अध्यापकाचे. पैसे जातात, लेख कोणी वाचत नाही आणि नंतर ते नियतकालिकच यादीतून गळते. म्हणून पारखण्याच्या दोन-चार खुणा लक्षात ठेवाव्यात. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का? जुने अंक पाहायला मिळतात का? परीक्षकांचे शेरे लेखकाला मिळतात का, की होकार दुसऱ्याच दिवशी येतो? एकाच अंकात भूगोल, संगणक, आयुर्वेद आणि मराठी कविता असे सगळे एकत्र कोंबले आहे का? नुसते शुल्क घेणे हा दोष नव्हे. चांगल्या, सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या शोधपत्रिकाही ते घेतात. परीक्षण प्रामाणिक आहे की नाही, हा खरा प्रश्न.

मोजणीबाहेरचे ज्ञान

राज्यातील चार कृषी विद्यापीठांची मिळून ‘जर्नल ऑफ महाराष्ट्र अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज’ ही शोधपत्रिका १९७६ साली सुरू झाली. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारी, तूर किंवा कापूस याविषयीचा प्रयोग अशा पत्रिकेत छापणे स्वाभाविक आहे, कारण त्याचा वाचक येथेच आहे. परंतु जगभरच्या सूच्या इंग्रजी आणि मोठ्या प्रकाशकांकडे झुकलेल्या असतात. प्रादेशिक पत्रिका त्यांत कमी येतात आणि मराठीतील लेखन जवळजवळ नाहीच. शेतकऱ्याला केवडा ओळखायला शिकवणारा मराठी लेख कितीही वाचला गेला, तरी या हिशोबात त्याची किंमत शून्य.

स्थानिक नियतकालिकाला कमी लेखण्याआधी मेंडेलची आठवण ठेवावी. वाटाण्यावरील त्यांचा निबंध १८६६ साली ब्रनो या गावच्या निसर्ग-अभ्यास मंडळाच्या नियतकालिकात आला. १९००पर्यंत त्याचा उल्लेख अगदी मोजक्या ठिकाणी झाला. त्या चौतीस वर्षांत कोणी संदर्भोल्लेख मोजले असते, तर आनुवंशशास्त्राचा पाया घालणारा हा लेख नापास झाला असता. तरीही तो १९०० साली सापडला, कारण मंडळाने आपले अंक ठिकठिकाणच्या ग्रंथालयांना पाठवले होते आणि ग्रंथालयांनी ते जपले होते. उल्लेख होण्याआधी लेख जपला जावा लागतो आणि हाती लागावा लागतो. १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. लहान गावातील वाचकासाठी ही मोठी सोय आहे. पण आपल्या भागातील नियतकालिकांचे अंक जपून ठेवण्याचे काम ती योजना करणार नाही. ते आपल्याच ग्रंथालयांना करावे लागेल.

वर्गात करून पाहण्यासारखे

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून पुढील गोष्टी करून घेता येतील. त्यांना खर्च नाही.

१. जवळच्या महाविद्यालयातून एखाद्या शोधपत्रिकेचा अंक मिळवा. त्यातील सर्व संदर्भांची नोंद करा : ग्रंथ किती, शोधपत्रिका किती, अहवाल किती, भाषा कोणती. ब्रॅडफर्ड यांच्यासारखे गट पाडता येतात का ते पाहा.

२. सर्व संदर्भांची वर्षे उतरत्या क्रमाने लावा आणि मधले वर्ष शोधा. अंकाच्या वर्षातून ते वजा केले की अर्धायुष्य मिळेल. विज्ञान आणि इतिहास या दोन विषयांचे अंक घेऊन तुलना करा.

३. वर्तमानपत्रात ‘संशोधकांना आढळले की’ असे वाक्य आले, तर ते कोणाचे, कधीचे आणि कुठे छापलेले, याचा माग काढा. माग मध्येच तुटला तर कुठे तुटला ते लिहा.

४. परभणी क्रांती वाणाचा उल्लेख असलेले नंतरचे पाच लेख किंवा त्यांचे सारांश शोधा. प्रत्येक उल्लेख आधारासाठी आहे, तुलनेसाठी आहे की मतभेदासाठी, हे ठरवा. मग पाचही उल्लेखांना एकेकच गुण देणे योग्य आहे का, यावर वर्गात चर्चा घ्या.

चौथा प्रयोग थोडा वेळ घेईल, पण तो जरूर करावा. एखादे विधान छापलेले आहे म्हणून खरे मानायचे आणि जुने आहे म्हणून टाकून द्यायचे, या दोन्ही सवयी विद्यार्थ्यांना सहज लागतात. विधान कोणाचे, केव्हाचे आणि त्याचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न विचारायची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. संदर्भसूची वाचायला शिकवणे हा ती लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.